वर्गातील मुलांचे आपसांतले संबंध कसे वाचावेत : तिसरी ते सहावीच्या शिक्षकांसाठी

वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात ‘इतर मुलांमध्ये मिसळत नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षे लिहिले जाते आणि त्यातून पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाला जवळजवळ काहीच कळत नाही. मूल स्वतःहून दूर राहते, की बाकीची मुले त्याला खेळात घेत नाहीत, की ते नुकतेच दुसऱ्या गावाहून आले आहे, की खेळातली देवघेवच त्याला अजून उमगलेली नाही, या चारही शक्यतांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. सहा ते बारा वर्षे या वयातील सामाजिक विकासाविषयी मानसशास्त्रात जे सिद्धांत मांडले गेले, ते डी.एल.एड. आणि बी.एड.च्या परीक्षेपुरते पाठ केले जातात आणि नंतर मागे पडतात. वास्तविक त्यांतला प्रत्येक सिद्धांत वर्गातल्या एखाद्या नेमक्या प्रश्नासाठी कामाला येतो. कोणता सिद्धांत कोणत्या प्रश्नाला लावायचा आणि कोणत्या क्रमाने लावायचा, एवढे मात्र ठरवून घ्यावे लागते.

येथे सुचवलेला क्रम ‘आधी गट, मग मूल’ असा आहे. आपण शिक्षक सवयीने उलट जातो. मुलाचा स्वभाव आधी ठरवतो आणि मग वर्गातले त्याचे स्थान त्या स्वभावाचा परिणाम मानतो. या वयात पुष्कळदा स्थान आधी तयार होते आणि मूल त्या स्थानाला साजेसे वागू लागते, म्हणून स्वभावावर बोलण्याआधी गटाचे चित्र हाती असणे आवश्यक आहे. यासाठी पहिल्या सत्रातले दीडदोन महिने, एक जाड वही आणि कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात. यातून कोणत्याही मुलाचे निदान करावयाचे नाही, हे मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवावे.

मैदानापासून सुरुवात

पहिले दोन आठवडे केवळ पाहण्यात घालवावेत. परिपाठापूर्वीचा वेळ, मधली सुट्टी आणि पोषण आहाराची पंगत या तीन ठिकाणी मुले शिक्षकांना दाखवण्यासाठी वागत नसतात. एका वेळी एकच खेळ निवडावा, थोडे दूर उभे राहून पाच-सात मिनिटे पाहावे आणि वर्गात परतताच लिहून काढावे. राज्य कोणावर येणार हे चकून ठरते की कोणीतरी सांगते म्हणून ठरते, ‘टाइमप्लीज’ कोणाचे मानले जाते आणि कोणाचे धुडकावले जाते, ‘रडीचा डाव’ हा शिक्का कोणावर बसतो, कच्चा लिंबू कोण असतो, या गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. धाकट्या भावंडाला कच्चा लिंबू म्हणून खेळात घेणे हा समजूतदारपणा आहे. पण पाचवीतल्या मुलाला त्याच्याच वर्गमित्रांनी महिनाभर कच्चा लिंबू करून ठेवले असेल, तर ते मूल खेळत असूनही खेळाबाहेर आहे, असे समजावे.

खेळाच्या नियमांवरून मुलांची सामाजिक समज वाचता येते हे स्विस मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी दाखवून दिले. जिनिव्हा आणि न्यूशातेल येथील मुलांबरोबर ते स्वतः गोट्या खेळायला बसत, आपण खेळ विसरलो आहोत असे सांगून मुलांकडूनच नियम शिकून घेत आणि मग हळूच विचारत, की हा नियम आला कुठून आणि तो बदलता येईल का. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात या संवादांचे तपशील आहेत. लहान मुलांना नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले आणि म्हणून न बदलणारे वाटतात, जरी प्रत्यक्ष खेळताना ती स्वतःच ते सर्रास मोडत असली तरी. सात-आठ वर्षांच्या सुमारास सर्वांनी एकच नियम पाळावा अशी इच्छा दिसू लागते, आणि अकरा-बारा वर्षांची मुले तर नियमांची इतकी बारीक चर्चा करतात, की खेळापेक्षा वादालाच जास्त वेळ जातो. नियम म्हणजे आपसांत ठरवलेली गोष्ट, ती सर्वांच्या संमतीने बदलता येते, ही जाणीव याच टप्प्यावर पक्की होते. पियाजे यांच्या मते ही जाणीव मोठ्यांच्या आज्ञेतून येत नाही, तर बरोबरीच्या मुलांशी वाटाघाटी केल्याने येते. म्हणून मारामारीपर्यंत प्रकरण न गेलेल्या मैदानी वादात शिक्षकाने लगेच न्यायनिवाडा करू नये.

मुलींच्या खेळात नियमांची जाण कमी विकसित असते, असे मत पियाजे यांनी त्याच ग्रंथात नोंदवले आणि १९८२ साली कॅरल गिलिगन यांनी अशा निष्कर्षांवर सविस्तर आक्षेप घेतले. सागरगोट्यांचा डाव आणि त्यातली एकेका झेलावरची हुज्जत पाहिलेल्या कोणालाही पियाजेंचे मत पटणे कठीण आहे. तेव्हा निरीक्षणासाठी मुलींच्या खेळांनाही तेवढाच वेळ द्यावा.

नोंद कशी लिहावी, याचे एक उदाहरण पाहू. ‘समीर खेळताना भांडतो’ ही नोंद नव्हे, हा निकाल झाला. नोंद अशी असावी : ‘मधली सुट्टी, लगोरी. समीरने थर रचून “लगोरी” म्हटले. ओंकार म्हणाला, चेंडू त्याआधी पायाला लागला. समीर म्हणाला, लागला नाही. बाकी चौघे ओंकारकडे पाहत राहिले. ओंकार म्हणाला, “जा, तुझ्याशी नाही खेळत.” चौघे ओंकारबरोबर गेले. समीर एकटाच दगड पुन्हा रचत बसला.’ या नोंदीत विशेषण एकही नाही, तरी तिच्यातून बरेच कळते. चेंडू खरोखर लागला होता का, हे चौघांपैकी कोणीही विचारले नाही. ओंकारचा शब्द हाच तिथे पुरावा ठरला. अशा आठ-दहा नोंदी जमल्या, की प्रश्न समीरच्या भांडखोरपणाचा आहे की ओंकारच्या वजनाचा, याचा अंदाज येऊ लागतो.

समाजमिती : गटाचे चित्र काढणे

अंदाज पडताळून पाहण्यासाठी समाजमिती, म्हणजे गटात कोण कोणाला निवडते हे मोजण्याचे तंत्र, वापरावे. जेकब मोरेनो यांनी १९३४ साली हे तंत्र ग्रंथरूपाने मांडले. न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या निवासी संस्थेत, कोणी कोणाबरोबर राहायचे हे ठरवताना मुलींच्या स्वतःच्या पसंतीचा उपयोग करून घेण्याचा तो प्रयत्न होता. त्या मुळातच या तंत्राचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे : प्रश्न खऱ्या कामाविषयी असावा आणि उत्तरांनुसार काहीतरी प्रत्यक्ष घडावे. ‘तुझे आवडते मित्र कोण?’ असे मोघम विचारू नये. ‘पुढच्या आठवड्यात परिसर भेटीसाठी गट करायचे आहेत, तुझ्या गटात कोण तिघे असावेत असे तुला वाटते?’ असे विचारावे, आणि प्रत्येकाच्या गटात त्याने दिलेले किमान एक नाव येईल, असे गट खरोखर करावेत. शब्द पाळला नाही, तर पुढच्या वेळी मुले मनातले लिहिणार नाहीत.

चिठ्ठ्या लिहिताना शेजारचे डोकावणार नाहीत अशी बैठक करावी, उत्तरे कोणालाही सांगितली जाणार नाहीत हे आधी स्पष्ट करावे आणि फळ्यावर सर्वांची नावे लिहून ठेवावीत, म्हणजे त्या दिवशी गैरहजर असलेली किंवा पटकन न आठवणारी मुले सुटणार नाहीत. दुसरीच्या खालच्या मुलांना एकेकटे बोलावून, वर्गाच्या गटफोटोवर बोट ठेवायला सांगून विचारावे.

नंतर एक मोठा तक्ता करावा : उभ्या रकान्यात निवडणाऱ्यांचे हजेरी क्रमांक, आडव्या ओळीत निवडले गेलेल्यांचे. परस्परांनी एकमेकांना निवडले असेल तिथे लाल गोल करावा. समजा, वर्गात ३२ मुले आहेत आणि प्रत्येकाने तीन नावे दिली, तर एकूण ९६ पसंती होतात आणि सरासरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन येतात. प्रत्यक्षात ती समान वाटली जात नाहीत. कोणाला दहा मिळतात, कोणाला एकही मिळत नाही. तक्त्यावरून समाजालेख काढावा. अधिक पसंती मिळालेली मुले मध्यभागी, कमी मिळालेली कडेला, मुलांसाठी त्रिकोण, मुलींसाठी वर्तुळ आणि पसंतीसाठी बाण. बाण काढून झाले, की कंपू आपोआप डोळ्यांत भरतात.

येथे एक मोह टाळावा लागतो. केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली मुलांचे लोकप्रिय, नाकारलेली, दुर्लक्षित, वादग्रस्त आणि सर्वसाधारण असे जे वर्गीकरण केले, त्यासाठी ‘कोण सर्वांत कमी आवडते’ हाही प्रश्न विचारावा लागतो. संशोधकांकडे त्यासाठी परवानग्या, प्रशिक्षण आणि काळजी घेण्याची व्यवस्था असते. वर्गशिक्षकाने हा प्रश्न विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण मधल्या सुट्टीत ‘तू कोणाचं लिहिलंस?’ ही चौकशी होतेच होते. त्याऐवजी सर्व नावांची यादी देऊन प्रत्येक नावापुढे ‘याच्याबरोबर खेळायला मला किती आवडते’ यासाठी एक ते पाच असा अंक लिहायला सांगावा. पसंतीच्या चिठ्ठीत शून्य आणि यादीत बहुतेकांकडून तीन, म्हणजे ते मूल दुर्लक्षित आहे. कोणाचा त्याच्यावर राग नाही, फक्त ते कोणाच्या ध्यानात येत नाही. पसंतीत शून्य आणि यादीत एक-दोनचीच रांग, म्हणजे ते नाकारलेले आहे. हा भेद फार महत्त्वाचा आहे. दुर्लक्षित मुलाचे स्थान पुढच्या वर्षी, नव्या तुकडीत किंवा नव्या शेजाऱ्यामुळे बदलण्याची शक्यता पुष्कळ असते. नाकारले जाणे मात्र टिकून राहते, आणि त्यावर कोणीतरी हेतुपुरस्सर काम केल्याशिवाय ते सहसा सुटत नाही. नाकारलेल्यांतही काही मुले आक्रमक असतात, तर काही इतकी बुजरी असतात, की त्यांच्या बुजरेपणाचीच चेष्टा होते. दोघांना एकाच मापाने मोजू नये.

मुलगे आणि मुली यांच्यात बाण जवळजवळ जात नाहीत, असे तिसरी-चौथीच्या वर्गांत बहुधा दिसेल. एलेनॉर मॅकोबी यांच्या लेखनात या वेगळेपणाची तपशीलवार चर्चा आहे. या वयात जगभर तो आढळतो आणि त्याने धास्तावून जाण्याचे कारण नाही. दुसऱ्या काही रेषांविषयी मात्र तितके निश्चिंत राहता येत नाही. एका वस्तीची मुले फक्त त्याच वस्तीतल्या मुलांना निवडत असतील, बाण जातीच्या किंवा भाषेच्या सीमेवर अडत असतील, तर आधी शाळेच्या व्यवस्थेकडे पाहावे : बाकांची रचना कशी आहे, पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, सफाईची आणि पाणी वाढण्याची कामे नेहमी कोणाकडे जातात. मुलांनी ओढली असे वाटणारी रेष पुष्कळदा मोठ्यांनीच ओढलेली असते, आणि मग एखाद्या मुलाच्या संकोची स्वभावावर चर्चा करणे हा त्याच्यावर अन्याय ठरतो.

युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी १९७९ साली मांडलेली परिसंस्थांची कल्पना येथे कामाला येते. मुलाभोवतीची घर, वर्ग, शेजार ही वर्तुळे तर असतातच, पण त्या वर्तुळांचे परस्परांशी असलेले नाते आणि मूल जिथे कधी पाऊलही टाकत नाही अशा ठिकाणचे निर्णय हेही त्याच्या विकासावर परिणाम करतात. बीडसारख्या जिल्ह्यांतल्या ऊसतोड कुटुंबांतील मूल दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर कारखान्याच्या परिसरात जाते आणि हंगाम संपल्यावर परत येते. तोवर वर्गातले कंपू पक्के झालेले असतात. अशा मुलाला समाजालेखात शून्य मिळाले, तर त्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधू नये, साखर कारखान्याच्या वेळापत्रकात शोधावे. आणि समाजमिती घेण्याची तारीख ठरवतानाही ही मुले वर्गात असतील असे पाहावे.

एकेका मुलाशी बोलणे

गटाचे चित्र हाती आल्यावर मुलाकडे वळावे. कडेला राहिलेली तीन-चार मुले आणि मध्यभागी असलेले एखादे मूल निवडावे. मध्यभागचे मूल यासाठी, की फक्त ‘अडचणीतल्या’ मुलांना बोलावले तर वर्गाला ते लगेच कळते.

दुसऱ्याच्या भूमिकेतून पाहण्याची क्षमता कशी वाढते, याचा अभ्यास रॉबर्ट सेलमन यांनी केला. ते मुलांना एक गोष्ट सांगत. होली नावाची आठ वर्षांची मुलगी झाडावर चढण्यात पटाईत असते. एकदा ती पडते, तेव्हा पुन्हा झाडावर चढणार नाही असे वचन वडील तिच्याकडून घेतात. पुढे मित्राचे मांजराचे पिल्लू झाडावर अडकते आणि ते उतरवू शकेल अशी होली एकटीच असते. आपण नावे बदलून, आंब्याचे नाहीतर जांभळाचे झाड घालून हीच गोष्ट सांगावी आणि विचारावे : ती काय करील? बाबांना कळले तर त्यांना काय वाटेल? बाबांना काय वाटेल याविषयी तिला काय वाटत असेल?

उत्तर बरोबर की चूक, हे पाहू नये. त्यामागची कारणमीमांसा पाहावी. ‘बाबांना आनंद होईल, पिल्लू किती गोड असतं’ असे म्हणणाऱ्या मुलाला आपले वाटणे आणि बाबांचे वाटणे अजून वेगळे करता येत नाही. ‘बाबांना पिल्लाचं माहीत नसलं तर रागावतील, सांगितलं तर नाही रागावणार’ या उत्तरात दोघांना ठाऊक असलेली माहिती वेगळी असू शकते ही जाण आहे. सेलमन यांच्या मांडणीत ती साधारण पाच ते नऊ या वयात येते. ‘बाबा समजून घेतील हे तिला माहीत आहे, म्हणून ती चढेल’ असे उत्तर देणारे मूल दुसरा आपल्याविषयी काय विचार करील याचाही विचार करू लागले आहे. हा टप्पा साधारण सात ते बाराचा. दोघांकडेही तिसऱ्या माणसाच्या नजरेने पाहणे त्यापुढे, दहा ते पंधराच्या दरम्यान येते. वयांच्या सीमा एकमेकींवर चढलेल्या आहेत, त्या मुद्दामच तशा ठेवाव्यात. चौथीच्या एकाच बाकावर दोन वेगळ्या टप्प्यांवरची मुले बसलेली असतात आणि त्यांची निम्मी भांडणे त्यातूनच होतात.

मात्र दुसऱ्याचे मन ओळखता येणे आणि दुसऱ्याशी चांगले वागणे या एक गोष्टी नव्हेत. इंग्लंडमध्ये सटन, स्मिथ आणि स्वेटनहॅम यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात ते दहा वयाच्या मुलांमध्ये दादागिरीचे नेतृत्व करणारी मुले इतरांचे मन ओळखण्यात मागे नव्हती, उलट सरस होती. कोणाला कशाने लागेल हे कळल्याशिवाय नेमके तेच बोलता येत नाही. म्हणून ‘त्याला कसे वाटले असेल, विचार कर’ हा उपदेश अशा मुलावर वाया जातो; त्याला ते आधीच ठाऊक असते.

याच भेटीत मैत्रीविषयी विचारावे : कट्टी कशावरून होते, बट्टी कोण आधी करते, गुपित कोणाला सांगतोस. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी, साडेआठ ते दहाच्या सुमारास मुलाला एक जिवलग मित्र लागतो आणि त्या एका नात्यात ते पहिल्यांदाच दुसऱ्याचे सुख स्वतःच्या सुखाइतके महत्त्वाचे मानू लागते, असे मांडले. आधीच्या वर्षांत बसलेले घाव या मैत्रीने भरून येऊ शकतात, असेही त्यांचे म्हणणे होते. याचा व्यवहारातला उपयोग सरळ आहे. समाजालेखात एकच पसंती मिळालेल्या, पण ती परस्पर असलेल्या मुलाची फारशी चिंता करू नये. त्या जोडीला ‘दोघेच गप्पा मारतात’ म्हणून वेगवेगळ्या बाकांवर बसवण्याची चूक तर मुळीच करू नये, आणि पुढच्या वर्षी तुकड्या पाडताना अशा जोड्या एकत्र राहतील असे मुख्याध्यापकांना आवर्जून सांगावे.

‘मुद्दाम केलं’ या तक्रारीचे काय करावे

वर्गातली सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. पियाजे यांनी मुलांना दोन मुलांची तुलना करायला सांगितली होती : एकाच्या हातून, दार उघडताना, मागे ठेवलेले पंधरा पेले नकळत फुटतात, दुसरा चोरून मुरंबा काढताना एक पेला फोडतो. लहान मुले पंधरा फोडणाऱ्याला जास्त दोषी ठरवतात, मोठी मुले हेतू पाहतात. म्हणजे पहिली-दुसरीतले मूल ‘पण माझं चित्र पूर्ण भिजलं’ एवढेच धरून बसले, तर तो हट्ट नसतो, वयाची मर्यादा असते.

चौथी-पाचवीत मात्र हेतू कळतो, आणि तिथे वेगळी अडचण उभी राहते. १९८० साली डॉज यांनी दुसरी, चौथी आणि सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. प्रत्येक मुलाने जुळवत आणलेले कोडे दुसऱ्या मुलाने बिघडवले, असे भासवण्यात आले. कधी हेतू उघड वाईट होता, कधी उघड मदतीचा होता, कधी संदिग्ध होता. हेतू स्पष्ट असताना आक्रमक आणि इतर मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. हेतू संदिग्ध असताना आक्रमक मुले तो वाईटच होता असे धरून वागली. पुढे निकी क्रिक आणि डॉज यांनी १९९४ साली या सर्व प्रक्रियेचे सहा टप्पे मांडले : खुणा टिपणे, त्यांचा अर्थ लावणे, आपल्याला काय हवे हे ठरवणे, सुचतील ते प्रतिसाद आठवणे, त्यांतला एक निवडणे आणि तो कृतीत आणणे. हे सर्व क्षणार्धात होते, पण बोलताना त्याची उकल करता येते. ती साधारण अशी :

‘बाई, ह्यानं मुद्दाम पाणी सांडलं.’
‘तू काय पाहिलंस?’
‘त्याचं कोपर लागलं आणि तो हसला.’
‘कोपर लागायच्या आधी तो कुठे बघत होता?’
‘...खिडकीकडे.’
‘मग हसला कशामुळे असेल?’
‘मला चिडवायला.’ आणि थोड्या वेळाने, ‘किंवा घाबरून.’
‘आता तुला काय हवंय? त्याला शिक्षा, की चित्र?’
‘चित्र. नवा कागद द्या.’

यात शिक्षिकेने ‘त्याने मुद्दाम केले नाही’ असे एकदाही म्हटलेले नाही, आणि ते म्हणूही नये. पहिले तीन टप्पे मुलाकडूनच पुन्हा करवून घेतले, एवढेच. यासाठी दोन्ही मुले शांत झालेली असावीत आणि आजूबाजूला प्रेक्षक नसावेत. दुसरी खबरदारी अधिक महत्त्वाची आहे : ज्या मुलाला खरोखरच रोज डिवचले जाते, त्याचा संशय हा अनुभवातून आलेला असतो. मैदानावरच्या नोंदी आधी चाळाव्यात आणि मगच ‘हा प्रत्येक गोष्टीत वाईट अर्थ काढतो’ असे म्हणावे.

नैतिक विकासाचे टप्पे मांडणारे कोहलबर्ग आणि मुले पाहून-अनुकरणातून शिकतात असे मांडणारे बांडुरा हे दोघे पाठ्यपुस्तकांत बरीच पाने व्यापतात, पण या कामात त्यांचा वाटा मर्यादित आहे. कोहलबर्ग यांच्या मूळ अभ्यासातली मुले दहा, तेरा आणि सोळा वर्षांचे शिकागो भागातील मुलगे होते. औषध चोरावे की नाही यासारखे त्यांचे पेच तिसरीच्या मुलांसाठी नव्हतेच. मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहिलेली मुले तसेच वागतात, हे दाखवणाऱ्या बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रसिद्ध प्रयोगात बालवाडीतली मुले होती. तरी अनुकरणाचा त्यांचा मुद्दा शिक्षकाने स्वतःला लावून पाहावा. एखाद्या मुलाचे नाव आपण कोणत्या सुरात घेतो, त्याची वही परत देताना चेहरा कसा असतो, हे तीस जोडी डोळे रोज पाहतात, आणि वर्गाचा त्या मुलाशी बोलण्याचा सूर बहुधा तिथूनच उचललेला असतो.

उपाय करताना

एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मांडलेल्या आठ अवस्थांपैकी चौथी या वयाची आहे : उद्यमशीलता विरुद्ध न्यूनतेची भावना. मुलाला या वयात काहीतरी नीट करता येणे आणि ते इतरांच्या दृष्टीने उपयोगाचे असणे, या दोन्हींची गरज असते. नाकारलेल्या मुलाला फळा पुसण्याचे काम देऊन ही गरज भागत नाही. वर्गाला ज्याची खरोखर गरज आहे आणि ते मूल खरोखर जे चांगले करते असे काम शोधावे लागते. सुझन हार्टर यांनी मुलांच्या स्वप्रतिमेची अभ्यास, मैत्री, खेळ, दिसणे आणि वागणूक अशी वेगवेगळी क्षेत्रे मानली, ती यादी येथे शोधाला उपयोगी पडते. ‘मॉनिटर’ मात्र करू नये. आधीच न आवडणाऱ्या मुलाला इतरांची नावे फळ्यावर लिहिण्याचा अधिकार मिळाला, तर नावडीत भरच पडते. सात-आठ वर्षांपासून मुले स्वतःची इतरांशी तुलना करू लागतात, त्यामुळे चाचणीचे गुण मोठ्याने वाचून दाखवणे याच वयात सर्वांत महाग पडते. कामातच सर्वस्व शोधणारे मूल पुढे एकांगी होण्याचा धोकाही एरिक्सन यांनी सांगून ठेवला आहे. प्रत्येक स्पर्धेत नाव घातल्या जाणाऱ्या हुशार मुलांच्या बाबतीत तो आठवावा.

मैत्री जमवण्याचे कौशल्य शिकवता येते. शेरी ओडेन आणि स्टीव्हन अॅशर यांनी १९७७ साली तिसरी-चौथीतल्या कमी पसंतीच्या मुलांना चार गोष्टी शिकवल्या : खेळात लक्ष घालणे, आळीपाळीने वाटून घेणे, बोलणे-ऐकणे आणि दुसऱ्याला दाद देणे. मुलाशी आधी पाच मिनिटे बोलायचे, मग त्याला एका वर्गमित्राबरोबर खेळायला बसवायचे, आणि खेळ संपल्यावर काय जमले ते त्यालाच विचारायचे, एवढीच पद्धत होती. ‘खेळायला आवडते’ या मापावर या मुलांची स्थिती सुधारली. नुसते खेळायला बसवलेल्या, पण काही न शिकवलेल्या मुलांची तशी सुधारली नाही. आपल्याकडे कॅरम किंवा सापशिडी घेऊन आठवड्यातून एकदा हे सहज करता येईल. जोडीदार म्हणून समाजालेखातले मधले, शांत मूल निवडावे. सर्वांत लोकप्रिय मूल निवडू नये, त्याचे लक्ष आपल्या कंपूकडे असते.

दोन कंपूंत तेढ असेल, तर मुझफर शेरिफ यांचा १९५४ चा ओक्लाहोमातील शिबिराचा प्रयोग लक्षात घ्यावा. सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट केले, त्यांच्यात बक्षिसांचे सामने लावले आणि थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला आणि चित्रपट पाहायला बसवले; त्याने काही साधले नाही, जेवताना अन्नाची फेकाफेक झाली. पाण्याचा पुरवठा बंद पडणे, ट्रक ओढून चालू करणे अशी एका गटाला एकट्याने न जमणारी कामे समोर आल्यावरच तेढ ओसरली. तेव्हा सहभोजनावर भिस्त ठेवू नये आणि तेढ असताना कबड्डीचा सामना तर लावूच नये.

वर्गात असे काम उभे करण्याची सोयीची रीत इलियट अॅरन्सन यांनी १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत वापरली. चौथीच्या शिवचरित्रातला आग्र्याहून सुटकेचा भाग घेऊ. पाच-पाच मुलांचे मिश्र गट करावेत आणि मजकुराचे पाच तुकडे करून प्रत्येकाला एकच द्यावा. सारखा तुकडा मिळालेली मुले आधी एकत्र बसून तो नीट समजून घेतात, नंतर आपापल्या गटात परत जाऊन इतर चौघांना शिकवतात, आणि शेवटी सर्वांची चाचणी संपूर्ण धड्यावर होते. कोणाचाही तुकडा दुसऱ्याकडे नसल्यामुळे एरवी ज्याचे कोणी ऐकत नाही त्याचे ऐकावेच लागते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला त्याचा तुकडा आदल्या दिवशी द्यावा. आठवड्यातून दोन तास, महिनाभर तरी करावे. एका तासात फरक दिसत नाही.

दुसऱ्या सत्रात, साधारण जानेवारीत, समाजमिती पुन्हा घ्यावी. प्रश्न वेगळ्या कामाचा असावा, स्नेहसंमेलनाच्या गटांचा चालेल. आधीच्या तक्त्याशी तुलना करताना एकूण पसंतीपेक्षा परस्पर पसंतीत झालेला बदल महत्त्वाचा मानावा : शून्यावरून एक लाल गोल, ही तीन एकतर्फी पसंतींपेक्षा मोठी प्रगती आहे. पालकसभेत समाजालेख दाखवू नये आणि ‘तुमच्या मुलाला कोणी निवडले नाही’ असे कोणत्याही पालकाला सांगू नये. मैदानावरची एखादी चांगली नोंद वाचून दाखवावी आणि घरी शेजारची मुले खेळायला येतात का, एवढे विचारावे.

मूल अचानक गटातून बाजूला झाले असेल, हाका मारूनही वळत नसेल, अंगावर वळ दिसत असतील किंवा शाळा सुटल्यावर घरी जायला टाळत असेल, तर वरची सर्व पद्धत बाजूला ठेवावी. प्रथम कान आणि डोळे तपासून घ्यावेत, समुपदेशकांची मदत घ्यावी, आणि छळाची शंका असल्यास मुख्याध्यापकांना सांगून चाइल्ड हेल्पलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे. समाजमितीच्या चिठ्ठ्या तक्ता पूर्ण झाल्याच्या दिवशीच फाडून टाकाव्यात, तक्त्यात नावांऐवजी हजेरी क्रमांक लिहावेत आणि वही वर्गाच्या कपाटात न ठेवता स्वतःजवळ ठेवावी.